सेवेचा दाखला, पात्रतेचा दाखला : जहाजाचा कप्तान कोणाला म्हणावे?

१ जानेवारी १८५१ पासून ब्रिटनच्या परदेशी वाहतुकीच्या कोणत्याही व्यापारी जहाजाला सरकारी दाखला नसलेला कप्तान घेऊन बंदराबाहेर पडता येईना. त्या दिवशी समुद्रावर असे हजारो कप्तान होते, ज्यांनी आयुष्यात एकही परीक्षा दिलेली नव्हती. कोणी वीस वर्षे जहाज हाकत होता, कोणी तीस. त्यांचे काय करायचे? सगळ्यांना परीक्षेला बसवायचे, की त्यांच्या कामालाच परीक्षा मानायचे?

कामाच्या अनुभवावर कुशल कारागिराला प्रमाणपत्र द्यावे, ही कल्पना आज आपण नवी समजतो. प्रत्यक्षात तिचा एक मोठा सरकारी प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात झाला, आणि तो समुद्रावर झाला. त्या प्रयोगाला मुंबईचा आणि कोकणचाही धागा आहे. हा थ्रेड त्याविषयी.

सुरुवात एका विलक्षण माणसापासून करावी लागते. जेम्स सिल्क बकिंगहॅम हे नाव भारतीय वृत्तपत्रांचा इतिहास वाचणाऱ्यांना परके नाही. ‘कलकत्ता जर्नल’चा हा संपादक १८२३ साली सरकारवर टीका केल्याबद्दल हिंदुस्थानातून हद्दपार झाला. पण संपादक होण्यापूर्वी तो दर्यावर्दी होता. लहानपणीच समुद्रावर गेलेला हा माणूस १८१५ मध्ये मुंबईत आला, मस्कतच्या इमामाच्या एका जहाजाची कप्तानीही त्याच्या हाती येत होती. परंतु ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना त्याच्याजवळ नव्हता. कंपनीने त्याला मुंबई सोडायला लावली. जहाज हाकता येते की नाही, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. कागद आहे की नाही, एवढेच पाहिले गेले.

हाच बकिंगहॅम पुढे शेफील्डचा खासदार झाला, आणि जहाजे का बुडतात याचा शोध घेण्यासाठी १८३६ मध्ये नेमलेल्या संसदीय समितीचा अध्यक्षही झाला. कागद नाही म्हणून ज्याची कप्तानी गेली, त्यानेच पुढे प्रत्येक कप्तानाकडे कागद असावा असा आग्रह धरला. या योगायोगाची मौज वाटते खरी. मात्र दोन कागदांत फरक होता. कंपनीचा परवाना मक्तेदारी राखण्यासाठी होता. समितीला हवा असलेला कागद ज्ञानाची साक्ष देणारा होता.

समितीचा अहवाल आजही वाचण्यासारखा आहे. जहाजे बुडण्याची कारणे तिने एकामागून एक नोंदवली: सदोष बांधणी, अपुरी साधने, अर्धवट डागडुजी, बेसुमार माल भरणे, नकाशांतील चुका, दारूबाजी. सागरी विमाही त्या यादीत आहे, कारण जहाज बुडाले तरी मालकाचे पैसे बुडत नसत आणि त्यामुळे त्याची काळजी ढिली पडे. आणि त्यात होती कप्तान व अधिकाऱ्यांची अपात्रता. तिच्या पुष्ट्यर्थ अहवालात दोन उदाहरणे आली आहेत. चौदा वर्षांच्या एका मुलाला कप्तान नेमण्यात आले होते. जहाजावरचे सगळे उमेदवार त्याच्याहून वयाने मोठे होते आणि सहा महिन्यांच्या आत ते जहाज बुडाले. दुसऱ्या एका मालकाने आपल्या वखारीतल्या हमालालाच जहाजाचा कप्तान करून टाकले होते.

त्या काळात कप्तान नेमणे हा सर्वस्वी मालकाचा अधिकार होता. मुलगा, पुतण्या, जावई, विश्वासू नोकर, कोणीही चाले. अर्थात बहुतेक मालक आपले भांडवल अडाणी माणसाच्या हाती देण्याइतके वेडे नव्हते, आणि बहुतेक कप्तान समुद्रावरच शिकून वर आलेले होते. सुकाणू, शीड, वारा, भरती यांचे ज्ञान त्यांच्या हाताला होते. परंतु त्या ज्ञानाची साक्ष मालकाच्या शब्दापलीकडे कशातच नव्हती. मालक बदलला की साक्षही संपली.

बकिंगहॅमचे विधेयक १८३७ मध्ये फेटाळले गेले. जहाजमालकांना सरकारची ढवळाढवळ नको होती. पण विषय मिटला नाही. १८४३ मध्ये परराष्ट्र खात्यातील जेम्स मरे याने जगभरच्या ब्रिटिश वकिलातींना एक गुप्त स्वरूपाचे परिपत्रक धाडले आणि तुमच्या बंदरात येणाऱ्या ब्रिटिश कप्तानांचे ज्ञान व वर्तन कसे असते, ते कळवा असे विचारले. आलेली उत्तरे १८४८ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा ब्रिटनला शरमेने मान खाली घालावी लागली. दारू, अज्ञान, बेशिस्त यांच्या तक्रारी बंदरामागून बंदरांतून आल्या होत्या. युरोपातील कित्येक देशांत कप्तानांची परीक्षा केव्हाचीच रूढ होती. समुद्राची राणी म्हणवणाऱ्या ब्रिटनमध्ये मात्र १८४५ पर्यंत ती नव्हती, आणि त्या वर्षी सुरू झाली तीही ऐच्छिक. ज्याला हवे त्याने द्यावी! ज्यांना गरज होती, ते अर्थातच फिरकले नाहीत.

१८४९ मध्ये जुने नौकानयन कायदे रद्द झाले आणि ब्रिटिश व्यापार परदेशी जहाजांना खुला झाला. आता स्पर्धा करायची तर कप्तानांचा दर्जा सुधारायला हवा, ही जाणीव मालकांनाही झाली. व्यापारमंडळाचा अध्यक्ष हेन्री लाबुशेर याने १८५० मध्ये व्यापारी नौदलाचा कायदा संमत करून घेतला. कप्तान आणि त्याच्या हाताखालचे अधिकारी, म्हणजे मेट, यांना दाखला सक्तीचा झाला.

आणि इथेच सुरुवातीचा प्रश्न उभा राहिला. सर्वांना परीक्षेला बसवले तर १ जानेवारीला जहाजे बंदरातच कुजतील, कारण परीक्षक मूठभर आणि कप्तान हजारो. शिवाय चाळीस वर्षांच्या खलाशी हाताला लॉगरिदमचे कोष्टक वाचायला लावणे सोपे नव्हते. ज्याने शंभर वादळे पाहिली, त्याने एका खोलीत बसून कागदावर अक्षांश काढून दाखवावा, ही मागणी त्याला अपमानास्पद वाटणार होती. तसे वाटण्यात काही गैर होते असेही म्हणवत नाही.

कायद्याने तोड काढली ती अशी. दाखले दोन प्रकारचे असतील. परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याला ‘सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्सी’, म्हणजे पात्रतेचा दाखला. आणि कायदा लागू होण्यापूर्वी ज्याने ब्रिटिश जहाजावर कप्तान वा मेट म्हणून काम केले आहे, त्याला परीक्षेविना ‘सर्टिफिकेट ऑफ सर्व्हिस’, म्हणजे सेवेचा दाखला. केलेली नोकरी सिद्ध करा आणि कागद घेऊन जा. पुढे १८५४ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्यालगतच्या उतारू जहाजांना आणि १८६२ च्या कायद्याने वाफेच्या जहाजांवरील इंजिनिअरांना दाखल्याची सक्ती झाली, तेव्हाही जुन्या लोकांसाठी हीच वाट ठेवण्यात आली.

हे दाखले आजही ब्रिटनमधील अभिलेखागारांत आहेत आणि वंशावळ शोधणाऱ्यांची त्यांवर मोठी भिस्त असते. एका कागदावर नाव, जन्मस्थळ, जन्मवर्ष, आणि त्या माणसाने किती वर्षे, कोणकोणत्या हुद्द्यांवर, कोणत्या प्रकारच्या वाहतुकीत काम केले याची एका ओळीत नोंद. अख्खे आयुष्य एका ओळीत! पण जो माणूस कालपर्यंत केवळ मालकाच्या मर्जीने कप्तान होता, तो या एका ओळीमुळे कोणत्याही मालकासमोर स्वतःच्या नावावर कप्तान म्हणून उभा राहू शकत होता. अनुभव ही प्रथमच त्याची स्वतःची मिळकत झाली.

आता या उदारतेची दुसरी बाजू पाहू. कायद्याने दोन्ही दाखल्यांचे अधिकार सारखे ठेवले, परंतु त्यांचे स्वरूप वेगळे असावे असेही बजावले. कागद उलगडताच समोरच्याला कळावे, की हा परीक्षेतून आलेला आहे की नोकरीतून. सेवेचा दाखला असलेला कप्तान जहाज नेऊ शकत होता, परंतु त्याच्या कागदावर ‘जुना माणूस’ ही अदृश्य मोहोर होतीच. कित्येकांनी म्हणूनच पुढे परीक्षाही दिली.

याहून महत्त्वाची गोष्ट क्वचितच सांगितली जाते. जो दाखला सरकार देते, तो सरकार काढूनही घेऊ शकते. १८५० पूर्वी एखाद्या कप्तानाने दारूच्या नशेत जहाज खडकावर घातले तर फार तर त्याचा मालक त्याला काढून टाकी आणि तो दुसऱ्या बंदरात दुसरा मालक शोधी. आता चौकशी होऊन दाखला निलंबित किंवा रद्द होऊ लागला, आणि दाखला गेला की सगळ्याच बंदरांची दारे बंद. जुन्या कप्तानांना विनापरीक्षा सामावून घेणे ही मेहेरबानी होती तशीच चतुराईही होती. परीक्षेच्या अटीवर अडून बसले असते तर हे लोक कायद्याला विरोध करत बाहेर राहिले असते. कागद घेताच ते कायद्याच्या कक्षेत आले. त्यांच्या ज्ञानाची पारख झाली नाही, पण त्यांच्या वर्तनावर मात्र कायमची नजर बसली. १८५० च्या तडजोडीचे खरे मर्म इथे आहे असे म्हणावे लागते.

नव्या पिढीसाठी परीक्षा होती, पण म्हणून अनुभव बाद झाला नव्हता. दुय्यम मेटच्या परीक्षेला बसायला वय किमान १७ आणि समुद्रावरची ४ वर्षे लागत. पहिल्या मेटसाठी १९ वय व ५ वर्षे, कप्तानासाठी २१ वय व ६ वर्षे. त्यानंतर परीक्षा. दुय्यम मेटला सुवाच्य अक्षर यावे, अंकगणिताचे पहिले पाच नियम यावेत, लॉगरिदम वापरता यावेत, मध्यान्हीच्या सूर्यावरून अक्षांश काढता यावा. सुवाच्य अक्षराची अट वाचून हसू येते खरे, पण जहाजाची रोजनिशी हा न्यायालयात जाणारा पुरावा असे. ती वाचताच येत नसेल तर तिचा उपयोग काय? बंदरोबंदरी परीक्षेपुरते शिकवणारे क्लासही लवकरच निघाले. परीक्षा आली की क्लास आलाच.

परीक्षेला बसण्यासाठी अनुभव सिद्ध करावा लागे, आणि जे सिद्ध करावे लागते ते फुगवलेही जाते. याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे कादंबरीकार जोसेफ कॉनरॅड. १८८० मध्ये दुय्यम मेटच्या परीक्षेसाठी अर्ज करताना या पोलिश तरुणाने फ्रेंच जहाजांवरची आपली सेवा प्रत्यक्षाहून बरीच अधिक दाखवली होती, हे त्याच्या चरित्रकारांनी कागदपत्रे ताडून दाखवले आहे. तो उत्तीर्ण झाला. १८८४ मध्ये तो मुंबई बंदरात ‘नार्सिसस’ या जहाजावर दुय्यम मेट म्हणून चढला. मुंबईहून निघालेली ती सफर पुढे त्याच्या एका गाजलेल्या कादंबरीचा विषय झाली. सफर संपताच त्याने पहिल्या मेटची परीक्षा दिली आणि पहिल्या खेपेला नापास झाला. कप्तानाच्या परीक्षेतही १८८६ मध्ये तेच घडले; दोन्ही वेळा दुसऱ्या प्रयत्नात तो पार पडला. अर्जात अनुभव वाढवून लिहिणारा हा माणूस उत्तम दर्यावर्दी निघाला, तेव्हा एकूण व्यवस्थेने काय मोजले आणि काय मोजले नाही, याचा निवाडा सोपा नाही.

मुंबई बंदराचा उल्लेख आलाच आहे, तर त्याच बंदरात जहाजांवर चढणाऱ्या दुसऱ्या एका माणसाकडे वळू. तो म्हणजे सारंग.

हिंदुस्थानी खलाशांचा ताफा असलेल्या प्रत्येक जहाजावर कप्तान आणि मेट यांच्या खाली, आणि खलाशांच्या वर, सारंग असे. खलाशी गोळा करणे, त्यांना कामाला जुंपणे, वादळात शिडे उतरवून घेणे, मेटचा हुकूम शंभर तोंडांच्या भाषेत पोचवणे, हे सारे त्याचे. त्याच्या हाताखाली तांडेल, सुकाणी, कसब. रत्नागिरी जिल्ह्यातील किनारी गावांतून कित्येक कोकणी मुसलमान कुटुंबांत हा पेशा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. गोव्याचे लोक मुख्यतः जहाजाच्या खानपानाच्या खात्यात, रत्नागिरी व गुजरातचे लोक डेकवर, अशी वाटणी मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या आगबोटींवर रूढ झाली. पहिले महायुद्ध सुरू झाले त्या सुमारास ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे ५०,००० हिंदुस्थानी खलाशी काम करत होते.

या सारंगांपैकी तीस-तीस वर्षे समुद्रावर काढलेल्यांना सेवेचा दाखला मिळाला का?

नाही. आणि तो का मिळाला नाही, हे कायद्याची शब्दयोजना बारकाईने वाचल्याशिवाय कळत नाही. त्या कलमात वर्णाचा वा वंशाचा उल्लेख नव्हता. ज्याने ‘कप्तान किंवा मेट म्हणून’ सेवा केली आहे, एवढेच शब्द होते. सारंग मेटचे निम्मे काम करी, पण त्याच्या नावापुढे मेट हा हुद्दा कधी लागला नव्हता. किंबहुना १८२३ च्या कायद्याने तर हिंदुस्थानी खलाशांना ब्रिटिश खलाशी मानूच नये असे ठरवून टाकले होते. अनुभवाला मान देणाऱ्या कायद्याने प्रत्यक्षात हुद्द्याला मान दिला. ज्याला हुद्दा आधीच मिळाला होता, त्याचा अनुभव मोजला गेला. ज्याला मिळाला नव्हता, त्याचे श्रम कागदाच्या दृष्टीने घडलेच नव्हते.

याच कायद्यांतील आणखी एक तरतूद मुंबईकराने अवश्य पाहावी अशी आहे. १८५४ च्या कायद्यानुसार शाही नौदलात किंवा ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत लेफ्टनंट वा त्याबरोबरचा हुद्दा मिळवलेल्या अधिकाऱ्याला व्यापारी जहाजाच्या कप्तानाचा सेवेचा दाखला विनापरीक्षा मिळे. कंपनीचे नौदल, म्हणजे इंडियन नेव्ही, मुंबईतच होते. तिथल्या गोऱ्या लेफ्टनंटला कप्तानीचा कागद हक्काने मिळाला, मग त्याने व्यापारी जहाजावर पाऊल ठेवलेले असो वा नसो. त्याच्याच जहाजावरच्या हिंदुस्थानी सारंगाला असा कोणताही हक्क नव्हता. दोघांनी तेच समुद्र कापले होते.

मग सारंगाने परीक्षा का दिली नाही, असे कोणी विचारील. परीक्षा इंग्रजीत. तिच्यात लिखाण, गणित, कायद्याची कागदपत्रे. शिवाय अर्जासाठी लागणारी सेवा वरच्या पदांकडे नेणारी हवी, आणि ते पद देणे पुन्हा मालकाच्या हाती. सारंगाजवळ आपल्या कामाचा पुरावा नव्हता असे मुळीच नाही. प्रत्येक सफरीच्या शेवटी जहाजाचे नाव, तारखा, कामाविषयी व वर्तनाविषयी शेरा अशी नोंद त्याच्या डिस्चार्जच्या कागदांत होई, आणि ते कागद तो जिवापाड जपे, कारण पुढची नोकरी त्यांवरच अवलंबून असे. नोंद होती, शेरेही चांगले होते. पण त्या कागदांच्या जिन्याला वरचा मजला नव्हता. शेवटच्या पायरीवर पुन्हा सारंगच.

सारंग हा शब्द कायद्यात सन्मानाने आला तो समुद्रावर नव्हे, नद्या-खाड्यांवर. देशांतर्गत जलमार्गांवर चालणाऱ्या वाफेच्या बोटींसाठी १९१७ चा जो कायदा झाला, त्यात मास्टर, इंजिनिअर यांच्याबरोबर ‘सारंग’ आणि इंजिन ड्रायव्हर यांचेही दाखले आहेत. इंग्रजी कायद्याच्या मजकुरात हा मूळचा फारसी शब्द जसाच्या तसा ठेवावा लागला, कारण त्या कामाला दुसरे नावच नव्हते. लहान बोटीचा तो कायदेशीर नायक ठरला. मोठ्या जहाजाचा पूल, म्हणजे जिथे कप्तान उभा राहतो ती जागा, त्याच्यापासून दूरच राहिली.

हिंदुस्थानी माणसाने तिथवर पोचावे ही मागणी पुढे कायदेमंडळात आली. सर पी. एस. शिवस्वामी अय्यर यांच्या ठरावानंतर १९२३ मध्ये कॅप्टन हेडलम यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय व्यापारी नौदलाविषयीची समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीनुसार १९२७ मध्ये मुंबई बंदरात ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले. स्वतंत्र भारताच्या व्यापारी जहाजांवरील कप्तानांची पहिली फळी मोठ्या प्रमाणात तिथेच घडली. त्या जहाजाचे महत्त्व निर्विवाद आहे. मात्र त्याची वाट शाळकरी मुलासाठी होती. प्रवेशपरीक्षा, वर्ग, गणवेश, मग समुद्र. पन्नाशीच्या सारंगाने त्या जहाजावर जायचे कशासाठी? त्याच्या तीस वर्षांचे गणित या नव्या योजनेतही कोणी मांडले नाही.

सेवेचे दाखले घेणारे ब्रिटिश कप्तान एकोणिसावे शतक संपेपर्यंत बहुतेक निवृत्त झाले आणि त्या जातीचा दाखलाही हळूहळू दुर्मिळ झाला. कल्पना मात्र टिकली. खलाशांचे प्रशिक्षण व प्रमाणपत्रे यांविषयी १९७८ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, तेव्हा त्याच्या संक्रमणकाळाच्या तरतुदींत पूर्वीपासून काम करणाऱ्यांसाठी पुन्हा सेवेच्या दाखल्याची सोय ठेवण्यात आली. तिथेही अट तीच: ज्या पदाचा दाखला हवा, त्या प्रकारचे काम आधी केलेले असावे.